घराण्यात "ते" आहे म्हणजे पुढच्यांनाही होणारच का?

मागच्या वर्षी माझ्या मावसबहिणीचं लग्न अगदी ठरत आलं होतं. पत्रिका जुळली, दोघं दोन-तीनदा बाहेर भेटून आले, साखरपुड्यासाठी हॉलची चौकशी पण सुरू झाली, आणि मग कुणीतरी तिकडे सांगितलं की मुलीच्या मामाला वेडाचे झटके येतात. दुसऱ्या दिवशी फोन, आमचा विचार बदललाय म्हणून. मावशीने कारण विचारलं तर मुलाचे वडील सरळच म्हणाले, ताई हे आजार रक्तातून येतात, खाण तशी माती. फोन ठेवल्यावर मावशी बराच वेळ काही बोलली नाही आणि मग मला म्हणाली, "खरंच रक्तातून येतं का रे हे?"

तिचा मामा म्हणजे माझाही मामा. त्याला स्किझोफ्रेनिया आहे, गेली बावीस वर्षं. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असताना सुरू झालं, आधी जेवण-झोप बिघडली, मग मित्रांशी बोलणं बंद, मग म्हणायला लागला की शेजारच्या घरातला टीव्ही त्याच्याबद्दल बोलतो. पहिली तीन वर्षं देवऋषी, गंडे-दोरे आणि "बाहेरची बाधा" यातच गेली, त्याचं वाईट अजून वाटतं. मावशीला त्या दिवशी मी जे तुकड्या-तुकड्यात सांगितलं ते जरा नीट लिहितोय, कारण असे फोन बऱ्याच घरांत येतात आणि त्यावर उत्तर कुणालाच सुचत नाही.

आधी एक गैरसमज. स्किझोफ्रेनिया म्हणजे एका माणसात दोन माणसं राहतात तसलं काही नाही. स्विस डॉक्टर ब्लॉयलर यांनी १९०८ साली हा शब्द आणला, त्यात "दुभंगणं" असा अर्थ आहे म्हणून तो घोळ झाला आणि सिनेमावाल्यांनी तो वाढवला. ब्लॉयलर यांना म्हणायचं होतं की विचार, भावना आणि वागणं यांची एकमेकांशी असलेली सांधेजोड सुटते. आजारात प्रत्यक्षात होतं ते असं की कुणी नसताना आवाज ऐकू येतात, कुणीतरी मागावर आहे अशी पक्की खात्री होते, आणि तिसरी गोष्ट जी घरच्यांना आळस वाटते ती म्हणजे माणूस हळूहळू सगळ्यातून अंग काढून घेतो, अंघोळ नको, बोलणं नको, कशातच उत्साह नाही. आयुष्यात कधीतरी हा आजार होणाऱ्यांचं प्रमाण साधारण शंभरात एक किंवा त्याहून थोडं कमी धरतात. म्हणजे दुर्मिळ अजिबात नाही, प्रत्येक मोठ्या सोसायटीत, प्रत्येक गावात कुणीतरी आहेच, फक्त दाराआड आहे.

आता रक्ताचं. त्या मुलाचे वडील पूर्ण चुकीचं बोलत नव्हते, हे आधी मान्य करायला हवं. १९६६ मध्ये अमेरिकेत हेस्टन नावाच्या डॉक्टरांनी अशी ४७ मुलं शोधली ज्यांच्या आयांना स्किझोफ्रेनिया होता पण ज्यांना जन्मानंतर काही दिवसांतच आईपासून वेगळं करून दुसरीकडे वाढवलं होतं. आईचा आजार त्यांनी कधी बघितलाच नाही. मोठेपणी त्यातल्या ५ जणांना स्किझोफ्रेनिया झाला. तुलनेसाठी घेतलेली ५० मुलं पण अशीच आईविना वाढलेली होती, फक्त त्यांच्या आयांना आजार नव्हता, आणि त्यातल्या एकालाही झाला नाही. म्हणजे बघून किंवा संगतीने होणारी गोष्ट नाही, काहीतरी जन्माबरोबरच आलं होतं.

पण हाच अभ्यास उलट्या बाजूने वाचा ना. ४७ पैकी ४२ जणांना तो आजार झाला नाही! आणि या मुलांची तर सख्खी आई आजारी होती. नंतर कित्येक घराण्यांच्या नोंदी एकत्र करून जो हिशोब निघाला तो साधारण असा, की आई किंवा वडील यांच्यापैकी एकाला असेल तर मुलाला होण्याचा चान्स शंभरात दहा-तेरा, सख्ख्या भावाला किंवा बहिणीला असेल तर शंभरात नऊ-दहा, आणि भाचा-भाची किंवा पुतण्या-पुतणीपर्यंत आलं की शंभरात तीन-चार. माझी मावसबहीण भाचीच की. म्हणजे तिच्यासारख्या शंभर भाच्या उभ्या केल्या तर शहाण्णव-सत्त्याण्णव जणींना हा आजार कधीच होणार नाही. त्यातून ती आता २९ वर्षांची आहे, बहुतेकांना हा आजार सोळा ते तिशीच्या दरम्यान सुरू होतो, बायकांना थोडा उशिरा पण होतो, म्हणजे तिच्या रिस्कचा बराचसा काळ तर मागेच पडलाय. आणि तिला पुढे होणाऱ्या मुलांना हा आजार होण्याचं प्रमाण तर सगळ्या जगाच्या प्रमाणाच्या जवळच जाऊन बसतं. हे सगळं त्या फोनवर कुणी सांगायचं?

सगळ्यात बोलका आकडा जुळ्यांचा आहे. एकसारखी दिसणारी जुळी, म्हणजे एकाच गर्भाचे दोन भाग होऊन झालेली, त्यांचे जीन्स, म्हणजे आईवडिलांकडून जन्मतः मिळालेली जनुकं, जवळपास शंभर टक्के सारखे असतात. रक्तच सगळं ठरवत असतं तर एकाला झाला की दुसऱ्याला झालाच पाहिजे. प्रत्यक्षात दुसऱ्याला होतो निम्म्याहून थोड्या कमी वेळा. तेच जीन्स, तीच आई, बहुतेक वेळा तेच घर, तीच शाळा, आणि एक औषधं घेतोय तर दुसरा नोकरीला जातोय.

आता इथे एक गंमतीशीर गाठ आहे आणि ती सोडवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. इंटरनेटवर शोधलं की पहिल्यांदा दिसतं "स्किझोफ्रेनिया ८० टक्के आनुवंशिक आहे". हे वाचून मावशीसारख्या बाईच्या पोटात गोळाच येणार, आणि आकडा खोटा पण नाहीये, जुळ्यांच्या अभ्यासांतून तो खरंच तेवढा येतो. पण त्याचा अर्थ "मुलाला होण्याचा चान्स ८० टक्के" असा नाही, मुळीच नाही. मग काय आहे?

ज्वारीचं उदाहरण घेऊ. समजा एकाच काळ्या रानात दहा वेगवेगळ्या वाणांची ज्वारी पेरली, सगळीकडे सारखं पाणी, सारखं खत. आता काही ताटं उंच झाली काही बुटकी राहिली, तर हा फरक कशामुळे? बियाण्यामुळे, कारण बाकी सगळं सारखंच होतं. तिथे शास्त्रज्ञ म्हणेल की उंची जवळजवळ १०० टक्के आनुवंशिक. आता दुसऱ्या वर्षी एकच वाण घ्या, नुसती मालदांडी, आणि अर्धी काळ्या रानात पेरा आणि अर्धी माळावरच्या मुरमाड जमिनीत. आता पण उंचीत फरक पडेल, पण तो सगळा जमिनीचा. आता तोच शास्त्रज्ञ म्हणेल उंची ० टक्के आनुवंशिक. ज्वारी तीच! ज्वारीच्या आतलं काही बदललं नाही, तुम्ही तुलना कशाची कशाशी करताय ते बदललं. म्हणजे हा ८० टक्के आकडा लोकांच्या एका मोठ्या गटात जे फरक दिसतात त्या फरकांबद्दल बोलतो, तुमच्याबद्दल किंवा तुमच्या मुलीबद्दल तो काहीच बोलत नाही. एका कणसाकडे बोट दाखवून यातली ८० टक्के ज्वारी बियाण्याची आणि २० टक्के पाण्याची असं कुणी सांगू शकतं का? तसंच माणसाचं. माझ्या मते "किती टक्के जीन्स आणि किती टक्के वातावरण" हा प्रश्नच एका माणसाबद्दल विचारायचा नसतो, त्याला उत्तरच नाही.

मग जुळ्यांचं निम्मं आणि हे ८० टक्के यांचा मेळ कसा बसतो, तर धरणाचा विचार करा. धरण भरत असतं, भरत असतं, पण सांडव्यावरून पाणी जात नाही तोवर खालच्या गावाला काहीच कळत नाही. जन्मतः मिळालेल्या जीन्समुळे कुणाचं धरण जूनमध्येच ७० टक्के भरलेलं असतं, कुणाचं १० टक्के. वरून आयुष्यातला पाऊस पडतो. दोन जुळ्या धरणांत सारखंच पाणी असलं तरी एकाच्या डोंगरावर एक सर जास्त पडली की ते सांडतं, दुसरं काठोकाठ भरून तसंच राहतं. आजार म्हणजे सांडव्यावरून गेलेलं पाणी. आणि त्याच घरातला जो माणूस जरा एकलकोंडा, जरा संशयी, पण व्यवस्थित नोकरी करून रिटायर होतो ना, तो बहुतेक त्या काठोकाठ भरलेल्यातला.

आणि हे पाणी एका नळातून येत नाही हे महत्त्वाचं. लोकांच्या डोक्यात असतं की वेडाचा एक जीन असतो, तो आला की संपलं. २०२२ मध्ये एक प्रचंड अभ्यास छापून आला, जवळपास ७७ हजार रुग्ण आणि २ लाख ४३ हजारांहून जास्त इतर लोकांचा डीएनए तपासून, आणि त्यात स्किझोफ्रेनियाशी संबंध असलेल्या २८७ जागा सापडल्या. दोनशे सत्त्याऐंशी! प्रत्येकीचा परिणाम इतका बारीक की एकटीने काहीच होत नाही. यातल्या कितीतरी तुमच्यात आहेत, माझ्यात आहेत, आणि तो फोन करणाऱ्या गृहस्थांच्यात आणि त्यांच्या मुलात पण आहेतच. अपवाद आहेत, म्हणजे २२ नंबरच्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडाच जन्मतः गायब असतो अशा लोकांत साधारण चौघांतल्या एकाला असा आजार होतो, पण असे लोक फार थोडे. म्हणूनच लग्नाआधी रक्त तपासून "हिला होणार, याला नाही" असं सांगणारी टेस्ट आज नाही. बहुतेक रुग्णांच्या तर जवळच्या नात्यात कुणालाच हा आजार नसतो.

बरं हे जीन्स मेंदूत जाऊन करतात तरी काय? यातलं एक उत्तर मला फार आवडतं कारण ते आमच्याकडच्या द्राक्षवाल्यांना लगेच कळेल. लहान मुलाच्या मेंदूत पेशींच्या आपसातल्या जोडण्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त तयार होतात, आणि मग मेंदू त्यांची छाटणी करतो. वापरातल्या ठेवायच्या, नको त्या काढायच्या, आणि विचार करणाऱ्या पुढच्या भागात ही छाटणी वयात येताना जोरात चालते, पार पंचविशीपर्यंत. द्राक्षाच्या बागेत नाही का, एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला फळ छाटणी, नाही केली तर नुसती पानं वाढतात आणि जास्त केली तर वेल दुबळा होतो. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की सीफोर नावाच्या एका जीनचे काही प्रकार स्किझोफ्रेनियाची रिस्क वाढवतात, आणि हा जीन मुळात रोगप्रतिकारशक्तीच्या कामातला, पण उंदरांच्या मेंदूत बघितलं तर तो कुठली जोडणी कापायची त्यावर खूण करायचं काम पण करतो. म्हणजे छाटणी गरजेपेक्षा जास्त होत असेल असा तर्क. हा आजार दहावी-बारावीच्या किंवा कॉलेजच्या वयातच का उगवतो, आधीची पंधरा वर्षं मुलगा चांगला का असतो, याचा धागा इथे हाताला लागतो. मामा बारावीपर्यंत वर्गात पहिल्या पाचात होता. आजी आजही म्हणते कुणाची तरी नजर लागली.

दुसरी गोष्ट डोपामिन. हे मेंदूतलं एक रसायन, आणि त्याचं एक काम म्हणजे आजूबाजूच्या हजार गोष्टींतली कुठली महत्त्वाची आहे त्यावर जणू पिवळी मार्कर फिरवणं. तुम्ही एसटी स्टँडवर उभे आहात, कुणी खोकतंय, कुणी फोनवर बोलतंय, एक माणूस वळून बघून गेला, तुमच्या मेंदूने हे सगळं केराच्या टोपलीत टाकलं. डोपामिन भलत्या वेळी सुटलं की त्या खोकण्यावर पण मार्कर फिरतो, त्या बघण्यावर पण. आतून इतकं जोरात वाटतं की याचा काहीतरी अर्थ आहे, माझ्याशी संबंध आहे, आणि मग माणूस तो अर्थ शोधायला लागतो, शोधता शोधता गोष्ट तयार होते, की हे सगळे मिळालेले आहेत. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केलं असतं. म्हणून "अरे असं काही नाहीये, मनातून काढून टाक" असं कितीही समजावलं तरी उपयोग होत नाही, कारण बिघाड युक्तिवादात नाहीच. १९५२ मध्ये पॅरिसमध्ये पहिलं औषध वापरात आलं तेव्हा ते का चालतं ते कुणालाच माहीत नव्हतं, नंतर कळलं की ते डोपामिनची वाट अडवतं. आजची बहुतेक औषधं त्याच वाटेवर काम करतात.

आता पावसाकडे, म्हणजे वातावरणाकडे येऊ. वातावरण म्हटलं की लोकांना फक्त संस्कार आठवतात, पण ते आईच्या पोटातच सुरू होतं. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन सैन्याने पश्चिम हॉलंडचा अन्नपुरवठा तोडला, माणशी रेशन दिवसाला हजार कॅलरीच्याही खाली गेलं, आणि त्या ऐन उपासमारीत ज्या बाळांचा गर्भ राहिला त्यांच्यात पुढे स्किझोफ्रेनियाचं प्रमाण जवळपास दुप्पट निघालं. चीनमध्ये १९५९ ते ६१ च्या दुष्काळात जन्मलेल्यांतही तसंच दिसलं. बाळंतपणातली गुंतागुंत, शहरातल्या गर्दीत वाढणं, लहानपणी झालेला छळ, परमुलखात उपरं होऊन राहणं, या सगळ्यांनी थोडं थोडं पाणी वाढतं. आणि गांजा. यावर मी थोडं जोर देऊन बोलणार कारण कॉलेजच्या पोरांत "नैसर्गिक आहे, काही होत नाही" हे सर्रास चालतं. कोवळ्या वयात रोज आणि जहाल गांजा ओढणाऱ्यांत या आजाराचं प्रमाण स्पष्टपणे जास्त दिसतं. ज्याच्या घरात आधीच कुणाला हा आजार आहे त्या पोराने तर त्याच्या वाटेलाच जाऊ नये, हे त्याला घाबरवून नाही तर आकडे दाखवून सांगावं.

आणि घर? इथे फार मोठा अन्याय झालाय. १९४८ च्या सुमारास अमेरिकेत मोठमोठे मनोविश्लेषक सांगत होते की थंड, वर्चस्व गाजवणाऱ्या आईमुळे मुलाला स्किझोफ्रेनिया होतो, आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं आधीच कोसळलेल्या आयांना हे तोंडावर ऐकवलं गेलं. आमच्या आजीलाही नातेवाईकांनी तेच ऐकवलं, वेगळ्या शब्दांत. कुणी म्हणे फार लाडावलं, कुणी म्हणे फार धाकात ठेवलं. आईच्या वागण्याने हा आजार होतो याला पुरावा नाही. पण फिनलंडमध्ये तिएनारी यांनी दत्तक मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला त्यात एक नाजूक गोष्ट दिसली. ज्यांची जन्मदाती आई आजारी होती अशी मुलं सतत भांडणाऱ्या, बिघडलेल्या घरात वाढली तर त्यांच्यात हे त्रास बरेच जास्त झाले, आणि शांत घरात वाढली तर खूप कमी. ज्यांना जीन्सचा धोका नव्हता अशा मुलांना मात्र घर कसं आहे याने या आजाराच्या बाबतीत फारसा फरक पडला नाही. हे पुन्हा वाचा. काठोकाठ भरलेल्या धरणालाच पावसाचा फरक पडतो. जीन्स एकीकडे आणि वातावरण दुसरीकडे असे दोन वेगळे हिशोब नाहीतच, जीन्स हेच ठरवतात की वातावरणाचा परिणाम किती होईल. आपल्याकडे खाण तशी माती पण म्हणतात आणि ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला असंही म्हणतात, फक्त या दोन म्हणी एकमेकींच्या हातात हात घालून चालतात हे कुणी सांगत नाही.

आजार झाल्यावर तर घर अजून जास्त लागतं. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन यांना दिसलं की इस्पितळातून बरे होऊन जे अशा घरी गेले जिथे सतत टोमणे, राग किंवा उलट टोकाची काळजी होती ते लवकर पुन्हा आजारी पडले. नंतर डॉक्टर विग आणि इंग्लंडच्या लेफ यांनी हेच चंडीगडमध्ये मोजलं तर आपल्या घरांत हे टोचून बोलणं लंडनपेक्षा बरंच कमी निघालं. म्हणजे एकत्र कुटुंबाचं आपण उगाच कौतुक करतो असं नाही, निदान इथे तरी त्याचा औषधासारखा उपयोग होतो, अर्थात टोमणे नसतील तर. ही गोष्ट शिकवता येते, घरच्यांना आजार समजावून सांगितला की रुग्ण पुन्हा पडण्याचं प्रमाण कमी होतं हे अनेक देशांत दिसलंय.

अजून एक अभ्यास सांगतो, मला तो वाचून रडू आलं होतं. मानववंशशास्त्रज्ञ तान्या लुरमन यांनी कॅलिफोर्निया, घानामधलं अक्रा आणि आपलं चेन्नई इथे प्रत्येकी २० रुग्णांना विचारलं, तुम्हाला आवाज काय म्हणतात? अमेरिकेतल्यांना बहुतेक करून अनोळखी, हिंसक, मार-काप सांगणारे आवाज. चेन्नईत निम्म्याहून जास्त जणांना घरातल्याच माणसांचे आवाज. आई, सासू, बहीण. ते रागावतात, पण काम पण सांगतात, उठ, अंघोळ कर, स्वयंपाक कर. आजार तोच, मेंदूतला बिघाड तोच असावा, पण त्या बिघाडातून जे बोलतं ते माणूस जिथे वाढला तिथलं बोलतं.

हे वाचल्यावर मी मामाला पहिल्यांदा विचारलं. बावीस वर्षांत आम्ही कुणीच विचारलं नव्हतं, आवाज येतात का एवढंच विचारायचो, काय म्हणतात ते नाही. तो म्हणाला, औषधांनी आता फार कमी झालंय, पण संध्याकाळी कधी कधी आजोबा हाक मारतात, मोटर बंद केलीस का म्हणून. आजोबा जाऊन चौदा वर्षं झाली.

घरात कुणाला असं काही सुरू होतंय असं वाटलं, म्हणजे पोरगा रात्र रात्र जागा, एकटा हसतोय, कॉलेज सोडून खोलीत बसलाय, तर थांबू नका, सरळ मनोविकारतज्ज्ञांकडे न्या, उपचार जितके लवकर सुरू होतात तितका पुढचा माणूस जास्त हाती लागतो. कुठे जायचं कळत नसेल तर १४४१६ हा सरकारचा टेली मानस नंबर आहे, फुकट आहे आणि मराठीत पण बोलतात. बरं वाटलं म्हणून गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, आम्ही ते दोनदा केलं आणि दोन्ही वेळा मामाला ऍडमिट करावं लागलं.

मावसबहिणीला या वर्षी दुसरं स्थळ आलंय. यावेळी मावशीने पहिल्याच भेटीत चहा पुढे करताना सांगून टाकलं, माझ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे, तो आमच्याकडेच असतो, आत बसलाय, भेटायचं असेल तर बोलावते. मुलाची आई क्षणभर थांबली आणि म्हणाली, बोलवा की.